हिटरच्या वायरचा पीळ

नवऱ्याने घरी बनवलेला गिटारचा ॲम्प्लिफायर पहिल्यांदा चालू केला, तेव्हा त्याला गिटार जोडलेलीच नव्हती. तरी तो वाजला. घोंगावला म्हणा. कुणीतरी दारामागे उभं राहून ओठ मिटून एकच सूर धरावा, तसा जाडा आणि न थांबणारा आवाज. आमची लेक गिटार मांडीवर घेऊन तयार बसली होती. तिने वायर जोडली, तारा छेडल्या आणि म्हणाली, "बाबा, टोन तो मस्त आहे यार, पण पीछे हे कोण गातंय?" तिच्या बोलण्यात हिंदी कुठे संपते आणि मराठी कुठे सुरू होते, हे शोधायचं आम्ही सोडून दिलंय. ती इथेच वाढली.

आम्ही गाझियाबादेत राहतो. दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. तो इंजिनिअर, आणि मी मंत्रालयात बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या नोटांमधल्या चुका काढणारी. पुण्याहून बदली होऊन आलो ते इकडचेच झालो. फ्लॅटची मागची बाल्कनी सरकत्या खिडक्या लावून बंद केली आहे. तिथे वॉशिंग मशीनच्या शेजारी त्याचं टेबल असतं, आणि कपडे वाळत घालताना मला त्याच्या सोल्डरिंगच्या धुराचा वास येतो. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह या ॲम्प्लिफायरला लागतात. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटात एक बारीक तार असते, हिटर म्हणतात तिला. ती तापून लाल झाली की मग आवाज येतो. आजकाल नखाएवढ्या चिपवर चालणारे ॲम्प्लिफायर मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं मी एकदाच विचारलं. व्हॉल्व्हचा आवाज गोड असतो, असं उत्तर मिळालं. लेकीलाही तोच आवाज हवा होता, तेव्हा मी पुढे काही बोलले नाही.

काम रविवारी चालायचं. ट्रान्सफॉर्मर आणि मागचे मोठे व्हॉल्व्ह दिवाळीच्या आधी बसले. मग थंडी आली, धुरकं आलं, बाल्कनीत बसवेना आणि काम थांबलं. पुढचे छोटे व्हॉल्व्ह होळीनंतर लागले. गिटारचा बारीक आवाज सगळ्यात आधी पोचतो तो याच छोट्या व्हॉल्व्हपाशी. मे महिन्यात सगळं पुरं झालं आणि घोंगावणं सुरू झालं. नवरा त्याला हमिंग म्हणायचा.

आता दुसरी गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय ही कळायची नाही. नवऱ्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. कामात असताना फारसा नाही, नुसता बसलेला असताना जास्त. कपबशी मागे पडून तो स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला लागला. घरात बटणांचे शर्ट जाऊन टी-शर्ट आले. हे मला दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्याला कळत होतं. मला एवढंच हवं होतं की त्याने डॉक्टरकडे जावं. पण हा माणूस असा आहे की विचारलं की विषयच मिटतो. एकदा मी म्हटलं, "हात दुखतो का रे तुझा?" तर म्हणाला, "एसीत आखडतो गं. ऑफिसमध्ये सगळ्यांचेच आखडतात." झाकली मूठ सव्वा लाखाची. मला भीती वाटत होती, हे सरळच लिहिते. एका आजाराचं नाव माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं आणि ते मी मनातल्या मनातही पूर्ण उच्चारत नव्हते.

अशात एका रविवारी तो म्हणाला, "मला जवळचं नीट दिसत नाहीये. नंबर बदललाय बहुतेक. सोल्डरचे टाके तू मार, मी सांगतो कुठे ते." आदल्याच दिवशी त्याने गोळ्यांच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं चष्म्याशिवाय मला वाचून दाखवली होती. ते मी बोलून दाखवलं नाही. बाल्कनीत त्याच्या शेजारी बसले तर कधीतरी तो आपण होऊन बोलेल, असा माझा हिशेब होता. म्हणून पदर खोचून, म्हणजे ओढणी खुर्चीवर टाकून, मी हो म्हटलं.

शिकवायला तो चांगला आहे. शांतपणे सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो. पहिला धडा असा की बटण बंद केलं म्हणजे करंट गेला असं मानायचं नाही. आत कपॅसिटर असतात, ते वीज धरून ठेवतात आणि हात लावणाऱ्याची वाट बघतात. आधी ती वीज हळूहळू काढून टाकायची, मग मीटर लावून बघायचं, आणि मगच आत जायचं. दुसरा धडा असा की चालू असताना आत काही करायची वेळ आली तर एकच हात वापरायचा, दुसरा खिशात. दोन्ही हात आत गेले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता, म्हणून मी डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवायचे. लेक म्हणायची, आई सलाम करणाऱ्या शिपायासारखी दिसते. नवऱ्याचा उजवा हात मात्र ॲम्प्लिफायर बंद असतानाही खिशातच असायचा.

मग आम्ही ते घोंगावणं शोधायला लागलो. आधी त्याने मला मोठे कपॅसिटर बदलायला लावले. लाल किल्ल्यासमोरच्या मार्केटमधून लेक नवे घेऊन आली, मी बसवले. आवाज किंचित कमी झाला, किंवा आम्हाला तसं वाटलं. मग अर्थच्या सगळ्या वायरी सोडवून एका ठिकाणी जोडल्या. मग ट्रान्सफॉर्मर आडवा फिरवून बसवला. मग गिटारची वायर आत येते तिथे जाळीचं कवच असलेली वायर घातली. दर वेळी आम्ही तिघं कान लावून बसायचो, आणि दर वेळी तो आवाज जरासा मागे सरकून तिथेच उभा असायचा. सोसायटीची लाइट जाऊन जनरेटर लागला की त्याचा सूर बदलायचा, तेवढाच विरंगुळा.

लेकीच्या ऑफिसातल्या कुणीतरी सल्ला दिला, की प्लगची अर्थची पिन काढून टाका, हम झटक्यात गायब होतो. तिने उत्साहाने पक्कडही आणली. नवरा असा ओरडला की पक्कड तिच्या हातातून पडली. "आवाज जाईल आणि एक दिवस तूही जाशील. ॲम्प्लिफायरच्या डब्यात करंट उतरला तर त्याला जायला दुसरी वाट हवी, नाहीतर ती वाट म्हणजे तू!" तो ओरडणारा माणूस नाही. लेकीने पक्कड उचलून ठेवून दिली आणि मला बरं वाटलं. हात कसाही असो, डोकं शाबूत होतं.

पुढच्या रविवारी त्याने आमच्या बिल्डिंगवर खापर फोडलं. बिल्डरने अर्थिंग नीट केलेलंच नाही, गाझियाबादमध्ये कोण करतं, वगैरे. मी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मीटर लावून बघितलं आणि म्हणाला, "मैडम, अर्थिंग बिल्कुल ठीक है." तो गेल्यावर मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." अशा टोमण्यांवर एरवी तो हसतो, उलटा टोमणाही मारतो. त्या दिवशी हसला नाही. टेबलावरचं सामान तसंच ठेवून आत जाऊन पडला. मला वाटलं, उकडतंय, वैतागला असेल.

जूनच्या शेवटी सोसायटीची मीटिंग होती, पाण्याच्या टाकीवरून भांडायला नवरा खाली गेला. लेक फोन घेऊन बाल्कनीत आली. तिने त्यात एक ॲप टाकलं होतं, आवाजाचं चित्र काढणारं. ॲम्प्लिफायर चालू केला तर पडद्यावर एक उंच काठी उभी राहिली. "आई, हे बघ, फिफ्टी हर्ट्झवर आहे. मी व्हिडिओमध्ये बघितलं, कपॅसिटर का हम हंड्रेडवर येतो. फिफ्टी म्हणजे हिटरच्या वायर किंवा ट्रान्सफॉर्मर, असं काहीतरी."

ट्रान्सफॉर्मर तर आम्ही फिरवला होता. हिटरच्या वायरींबद्दल मी नवऱ्याला सुरुवातीलाच विचारलं होतं, कारण हिरव्या रंगाची ती जोडी सगळ्या डब्यातून फिरते आणि माझ्यासारखीच्याही नजरेत भरते. "त्या मी बघितल्यात, त्या ओके आहेत," असं तो म्हणाला होता. आणि हा माणूस शेजारच्या घरातल्या फ्रिजचा आवाज ऐकून कॉम्प्रेसर जाणार म्हणून सांगतो. पन्नास आणि शंभरातला फरक त्याला ऐकून कळला नसेल, हे मला पटेना.

लेकीच्या व्हिडिओत पुढचा उपायही होता. कोरडी लाकडी काडी घ्यायची आणि ॲम्प्लिफायर चालू असतानाच एकेका वायरीला हळूच ढोसून बघायचं. ज्या वायरीला हलवलं की आवाज बदलेल, ती चोर. चायनीजच्या पार्सलबरोबर आलेल्या काड्या घरात पडलेल्याच होत्या. लेकीला मी दारात उभं केलं, डावा हात कमरेवर ठेवला आणि उजव्या हाताने काडी आत घातली. बाकीच्या वायरी ढोसल्या तर काही नाही. छोट्या व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या हिरव्या जोडीला काडी लागली आणि आवाज मोठा झाला. दोन्ही वायरी काडीने एकमेकींवर दाबून कोपऱ्यात सरकवल्या तर आवाज इतका उतरला की बाहेरचा भाजीवाला ऐकू आला.

"काखेत कळसा," मी म्हटलं. लेकीला गावाला वळसा समजावून सांगायला वेळ नव्हता. सगळं बंद केलं, कपॅसिटर रिकामे केले, मीटर लावून खात्री केली आणि टॉर्च घेऊन त्या वायरी बघितल्या.

हिटरच्या दोन वायरींना एकमेकींभोवती घट्ट पीळ घालायचा असतो, म्हणजे एकीचा उपद्रव दुसरी मारते. हे त्यानेच मला शिकवलं होतं. लेकीने विचारलं, "पीळ मतलब?" मी तिच्या वेणीला हात लावणार होते, पण तिचे केस कापलेले. मग वातीसारखं वळतात ना तसं, असं म्हटलं. ते तिला कळलं, कारण आमच्या घरी देवाच्या वाती तिचा बाबा वळतो. मला ते कधीच जमलं नाही. माझ्या वाती अर्ध्यातच सुटतात. त्याला त्याच्या आईने शिकवलं. तळहाताला जरासं भस्म लावून तो बसतो आणि एका बैठकीत वर्षाच्या वाती वळून ठेवतो, सगळ्या सारख्या, सगळ्या घट्ट.

त्या हिरव्या जोडीचं सुरुवातीचं टोक, ट्रान्सफॉर्मरपासून मोठ्या व्हॉल्व्हपर्यंतचं, दिवाळीआधीचं, अगदी असंच होतं. एकसारखा आवळ पीळ. तिथून पुढे, होळीनंतरच्या भागात, पीळ सैल होत गेला होता. कुठे दोन वेढे जवळजवळ, कुठे वायरी नुसत्या शेजारून चाललेल्या. छोट्या व्हॉल्व्हपाशी तर त्या एकमेकींना सोडून लांब उभ्या होत्या. एका जागी पीळ घालून, उलगडून, पुन्हा घातल्याच्या खुणा होत्या.

मी टॉर्च बंद केला. होळीच्या सुमारास घरातल्या वाती संपल्या होत्या आणि नवऱ्याने बाजारातून तयार वातींचं पाकीट आणलं होतं. "मिळतात की आता रेडिमेड, कशाला उगाच," असं म्हणाला होता. मी आळस समजले होते. लेक माझ्याकडे बघत होती. तिलाही कळलं होतं.

नवरा मीटिंगहून वर आला. टाकीचं काहीच ठरलं नव्हतं. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, "हिटरच्या वायर बदलायच्यात. छोट्या व्हॉल्व्हकडच्या. पीळ सैल आहे."

तो पेला हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "हो."

"तुला माहीत होतं."

"चालू केला त्या दिवसापासून."

मला राग आला. इतका की बोलताना माझा आवाज फाटला. "मग मला हे सगळं कशाला करायला लावलंस? कपॅसिटर काय, ट्रान्सफॉर्मर काय!"

"तेही करायचंच होतं," तो म्हणाला. "त्यानेही थोडा कमी झाला ना. मला वाटलं, बाकीच्यातूनच इतका उतरेल की त्या वायरींपर्यंत कुणाला जावं लागणार नाही."

राग गेला होता आणि त्या जागी जे आलं होतं, ते रागापेक्षा वाईट होतं. लेक आत निघून गेली. मी म्हटलं, "वायर मी बदलते. पण मग तू डॉक्टरकडे यायचं. हात आखडतो वगैरे मला सांगायचं नाही."

"आधी वायर," तो म्हणाला. एवढ्यावर सौदा झाला.

पुढच्या रविवारी मी पीळ घातला. दोन वायरींची टोकं खिडकीच्या कडीला बांधली आणि दुसरी टोकं बोटांत धरून फिरवत बसले. तो शेजारी बसून सांगत होता, ओढ धर, सोडू नकोस, सारखा फिरव, घाई नको. माझ्याच्याने पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. मीही वाती वळणारणीची लेक असते तर जमलं असतं, असं मी म्हटलं, तेव्हा तो हसला. शेवटी एक बरा पीळ पडला. त्याच्या पिळाइतका नाही, पण चालेल असा. डब्याच्या कोपऱ्यात तो दाबून बसवला, टाके मारले, व्हॉल्व्ह लावले. ॲम्प्लिफायर तापला आणि काहीच ऐकू आलं नाही. आम्हाला वाटलं, बिघडला. लेकीने तार छेडली तेव्हा आम्ही दोघंही दचकलो.

ती बराच वेळ वाजवत होती. आवाज खरंच गोड होता, मानलं मी. नवरा डोळे मिटून ऐकत होता आणि खिशातला हात खिशातच होता. मला त्या वेळी आनंद व्हायला हवा होता. मी डॉक्टरच्या वेळेचा विचार करत होते.

डॉक्टर नोएडातल्या. मेंदूच्या, नसांच्या विकारांच्या. माझ्या ऑफिसातल्या एकीने नाव सुचवलं होतं. कॅबमध्ये आम्ही ट्रॅफिकबद्दल बोललो. आत गेल्यावर त्यांनी त्याला बसवलं, बोलतं केलं आणि विचारलं, "यह कब से है?"

"यही, दो-तीन महीने से," तो म्हणाला.

मी नोटांमधल्या चुका काढणारी बाई. मला राहवलं नाही. "नहीं डॉक्टर, होली से है."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "आपको पक्का याद है?"

मी त्यांना सांगितलं, की आमच्या घरी एक ॲम्प्लिफायर आहे, त्यातलं दिवाळीच्या आधीचं काम चांगलं आहे आणि होळीनंतरचं सैल आहे, मी स्वतः बघितलंय. बोलताना मला थोडा अभिमानही वाटला असावा, इतकं नेमकं सांगता आलं म्हणून. त्यांनी मान हलवून लिहायला घेतलं.

"होली से नहीं," नवरा म्हणाला. "उससे पहले से."

मग तो माझ्याकडे वळला आणि मराठीत बोलायला लागला, जणू डॉक्टर तिथे नव्हत्याच. "दिवाळीच्या आधीचा पीळ बघितलास ना? तो हाताचा नाहीये. ड्रिलमध्ये वायर अडकवून फिरवलाय. हाताने तेव्हाच पडत नव्हता."

"आणि नंतरचा?"

"नंतर ड्रिल धरवेना."

मी हिशेब करायला लागले. दिवाळी, त्याच्या आधी गणपती, त्याच्याही आधी काय काय. कुठवर मागे जायचं ते कळेना म्हणून थांबले. इतके दिवस माझ्या शेजारी जेवणारा, झोपणारा माणूस हे सगळं एकटा बघत होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दोनों हाथ सामने रखिए," त्या म्हणाल्या. "आराम से."

त्याने टेबलाखालचे दोन्ही हात वर आणले आणि आम्हा दोघींच्या समोर ठेवले. उजवा हलत होता. त्याने तो हलू दिला.